परीक्षार्थी तोच, परीक्षक तोच!

आदिवासी भागासाठी १९९५ मध्ये नवसंजीवनी योजना आली. पुढेही योजना येतच राहिल्या. त्यांचे मूल्यमापन कोण करते? बहुतेक वेळा राबविणारे खातेच! २००१ च्या ‘कोवळी पानगळ’ अहवालासाठी स्वयंसेवी संस्थांनी घरोघर मोजणी केली, तेव्हा बालमृत्यू सरकारी आकड्यांच्या कितीतरी पुढे निघाले. म्हणजे लेकरे गेली ती गेलीच, कागदावरही आली नाहीत. मेळघाटातल्या कोरकू आईशी दवाखान्यात तिच्या भाषेत कोणी बोलते का, हे कोणत्या तक्त्यात भरायचे? १९९६ च्या पेसा कायद्याने सामाजिक क्षेत्रातील संस्था व कर्मचाऱ्यांवर नियंत्रणाचा अधिकार पंचायती आणि ग्रामसभेकडे सोपवायला सांगितले आहे. धारणी, चिखलदऱ्याच्या ग्रामसभांनी आता आरोग्य केंद्राची मृत्युनोंद गावासमोर वाचायला लावावी.