लोकसंख्या, ऊर्जा आणि हवामान (भाग ४) : माणसे घटली, घरे वाढली

कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन चार गोष्टींच्या गुणाकारावर ठरते : लोकसंख्या, दरडोई उत्पन्न, प्रत्येक रुपयाच्या उत्पन्नामागे लागणारी ऊर्जा आणि त्या ऊर्जेमागे हवेत जाणारा कार्बन. ही मांडणी जपानचे अभ्यासक योइची काया यांची. चारांपैकी एक आकडा स्थिरावला तरी बाकीचे वाढत असतील, तर गुणाकार फुगतच जातो.

याचे सर्वांत मोठे उदाहरण चीन. १९८० मध्ये, एक-अपत्य धोरण देशभर लागू झाले तेव्हा, तिथे सुमारे ९८ कोटी लोक होते. आज १४१ कोटींच्या आसपास आहेत. वाढ दीडपटही नाही. त्याच काळात उत्सर्जन मात्र सातपटीच्या पुढे गेले, कारण कोळशावर चालणाऱ्या कारखान्यांनी आणि वीजकेंद्रांनी उत्पन्न वाढवले. २०२२ मध्ये चीनची लोकसंख्या घटू लागली, तरी २०२३ मध्ये उत्सर्जन वाढलेच.

यामागे सहसा दुर्लक्षित राहणारे एक कारण आहे : कुटुंबाचा आकार. १९८२ च्या जनगणनेत चिनी कुटुंबात सरासरी ४.४ माणसे होती, २०२० मध्ये २.६. फ्रीज, दिवे, पंखा, हीटर हे माणशी नव्हे तर घरटी लागतात. चौघांचे एक घर मोडून दोन झाली की माणसे तेवढीच राहतात, पण सिमेंटपासून विजेपर्यंत बरेच काही दुप्पट लागते. जपानमध्ये २०१० ते २०२० या दशकात लोकसंख्या सुमारे १९ लाखांनी घटली आणि कुटुंबे सुमारे ३८ लाखांनी वाढली. आता तिथली ३८ टक्के कुटुंबे एकट्या माणसाची आहेत. म्हातारपणी दिवसभर घरीच असणाऱ्यांना गारवा आणि ऊबही जास्त वेळ लागते.

भारतही त्याच दिशेने निघाला आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशाचा प्रजनन दर २.० आणि महाराष्ट्राचा १.७ आढळला. भारताचे दरडोई उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे. ते पुढे किती वाढेल, हे पाळण्यांपेक्षा एसींवर आणि त्यांना वीज पुरवणाऱ्या केंद्रांवर अधिक अवलंबून आहे.

लोकसंख्या सर्वांत वेगाने वाढते ती सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत. तिथे जवळपास ६० कोटी लोकांच्या घरी वीजच नाही आणि बहुतेक देशांत दरडोई उत्सर्जन एक टनही भरत नाही. तापमानवाढीचे खापर तिथल्या मातांवर फोडणे चुकीचे तर आहेच, अन्यायाचेही आहे. या लोकांना वीज मिळायलाच हवी. ती सूर्यापासून मिळते की डिझेलपासून, यावर पुढचा हिशेब ठरेल.

संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजानुसार जगाची लोकसंख्या २०८० च्या दशकात सुमारे १०३० कोटींवर पोहोचून मग उतरू लागेल. निव्वळ शून्य उत्सर्जनासाठी चीनने २०६० ची, तर भारताने २०७० ची मुदत जाहीर केली आहे. दोन्ही मुदती त्या उताराच्या आधीच संपतात. तोवरची कपात गुणाकारातल्या शेवटच्या दोन आकड्यांतूनच करावी लागेल.