उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी आणि हिवाळ्याचे ऊन



भात कापून झाले, झोडणी आटोपली, पेंढा रचला, की खारबावच्या पट्ट्यात पुष्कळ ट्रॅक्टर मांडवाखाली जातात, ते थेट पहिल्या पावसालाच आठवतात. मृगाची सर येते, नांगरटीची घाई असते, आणि सेल्फ मारावा तर नुसते ‘टक्’ वाजते. बॅटरी बसलेली! मग धक्का मारायला माणसे शोधा, भिवंडीहून बॅटरीवाला आणा. त्यात दोन दिवस गेले, तर वाफसाही गेला.

तुम्ही म्हणाल, बॅटरी वापरलीच नाही, मग उतरली कशी? तर बॅटरी उभ्या-उभ्याही उतरते. पाणी घालण्याच्या बॅटरीतून महिन्याला शंभरातले पाच ते दहा भाग वीज आपोआप जाते. डिसेंबर ते मे या सहा महिन्यांत जवळजवळ निम्मी बॅटरी रिकामी. थंड मुलखात उतरलेली बॅटरी गोठून फुटते. आपल्याकडे ती भीती नाही, पण ऊष्मा हा आपला वैरी. तपमान दहा अंशांनी चढले, की ही गळती साधारण दुप्पट होते.

खरे नुकसान पुढेच आहे. बॅटरी उतरते तेव्हा आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर बसतो. लवकर चार्ज केली तर तो विरतो. महिनोन्‌महिने तसाच राहिला तर त्याचे घट्ट खडे होतात, आणि मग रात्रभर चार्जिंगला लावूनही बॅटरी भरत नाही. हजारो रुपयांची बॅटरी भंगारात जाते ती बहुधा अशी.

यावर सोपा इलाज म्हणजे १० वॅटची लहान सोलर प्लेट. चांगल्या उन्हात ती अर्धा अँपिअर वीज देते. पाच तासांचे ऊन धरले तर दिवसाला अडीच अँपिअर-अवर. ट्रॅक्टरच्या ८० अँपिअर-अवरच्या बॅटरीतून रोज पाव अँपिअर-अवरच्या आसपास गळते. म्हणजे प्लेट पुरून उरते. मात्र मेलेली बॅटरी ती जिवंत करणार नाही, बरं का! आधी बॅटरी पूर्ण चार्ज करून आणा. चार्जिंगवरून काढून रात्रभर ठेवल्यावर मीटरवर १२.६ व्होल्ट दिसले म्हणजे भरली, १२.२ म्हणजे निम्मी.

प्लेट थेट बॅटरीला जोडू नये. उन्हात मोकळी प्लेट २० व्होल्टच्या वर जाते. बॅटरी भरल्यावरही चार्जिंग चालूच राहिले तर आतले पाणी आटते. मध्ये चार्ज कंट्रोलर हवाच. तो भरलेली बॅटरी साडेतेरा-पावणेचौदा व्होल्टवर धरून ठेवतो आणि रात्री वीज उलटी प्लेटकडे जाऊ देत नाही. त्यावर बॅटरीचा प्रकार निवडायची सोय असेल तर ‘लेड-ॲसिड’ ठेवा. जोडताना आधी बॅटरी, मग प्लेट. सोडवताना आधी प्लेट. बॅटरीच्या अधिक टोकाजवळ तारेत फ्यूज घाला.

प्लेटचे तोंड दक्षिणेला असू द्या. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो, म्हणून प्लेट जरा उभीच, ३५ अंशांच्या आसपास ठेवावी. शेवग्याच्या एका फांदीची सावली पडली तरी वीज बरीच घटते. रस्त्यालगत घर असेल तर धुळीचा थर आठवड्याला ओल्या फडक्याने पुसा.

महिन्यातून एकदा बुचे उघडून पाणी बघा. कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. विहिरीचे नको, ॲसिड तर मुळीच नको. बंद बॅटरीला हे काम नसते. खाडीची हवा खारी, टोकांवर चटकन पांढरा-हिरवा क्षार धरतो. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने तो धुवा, कोरडे करा आणि व्हॅसलिन लावा. सोड्याचे पाणी बुचातून आत जाता कामा नये. बॅटरीजवळ विडी पेटवू नका. चार्जिंगच्या वेळी निघणारा वायू भडकतो.

घरची जीप किंवा मोटार उभी असेल तर आणखी एक गोष्ट. घड्याळ, अलार्म असली सामग्री गाडी बंद असतानाही वीज खाते. ती ५० मिलिअँपिअर असली तरी महिन्याला ३६ अँपिअर-अवर जातात. तिथे १० वॅट कसेबसे पुरते. २० वॅटची प्लेट घ्या, किंवा बॅटरीचे उणे टोक सोडवून ठेवा.

आवणीनंतर ट्रॅक्टर पुन्हा उभा राहतो, तेव्हा आभाळ भरलेले असते. प्लेट त्या वेळी थोडीच वीज देते, तरी गळतीपुरती बहुधा भागते. कंट्रोलर तेवढा पागोळ्यांपासून दूर, पडवीत टांगा.