पगार परभणीत आला तर

१९५० साली बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे औरंगाबादला महाविद्यालय काढले, तेच आजचे मिलिंद. त्याआधी मराठवाड्यातल्या पोराला पदवीसाठी हैदराबाद गाठावे लागे. गाडीभाडे, खोलीभाडे, खानावळ यांतच गरिबाचे शिक्षण संपायचे. कॉलेज जवळ आले आणि आपली पोरे पदवीधर झाली. आता नोकरीही तशीच जवळ येईल काय, असा प्रश्न आम्हाला पडला आहे.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत पुण्या-मुंबईच्या कंपन्यांनी घरून काम करायला सांगितले. पूर्णा, सेलू, जिंतूरकडे परतलेली काही मुले संगणक घेऊनच आली. पगार पुण्याचा, भाकरी आईच्या हातची. शिवाय आडनाव विचारून खोली नाकारणारा घरमालक नाही. (हे दुःख ज्याने सोसले त्यालाच ठाऊक.) ५ नोव्हेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने कॉल सेंटरवरचे दूरसंचार खात्याचे जाचक नियमही सैल केले. पुढे बऱ्याच कंपन्यांनी माणसे परत बोलावली, पण सगळे काम परत गेले नाही.

कोणी म्हणेल, बाबासाहेबांनी तर खेडे सोडायला सांगितले होते. खरे आहे. पण त्यांना आपली सुटका करायची होती ती गावकीच्या लाचारीतून. ज्याचा पगार गावातल्या कुणाच्या हातात नाही, त्याला गावात राहूनही मान ताठ ठेवता येते. हे आमचे मत. वाचकांचे वेगळे असल्यास जरूर कळवावे.

खरी अडचण घराची. एका खोलीत सहा माणसे, चूल, टीव्ही, रडणारे बाळ. त्यात साहेबाशी फोनवर इंग्रजी बोलायचे कसे? लाईट गेली की काम बंद. मुलगी असेल तर ‘घरीच आहेस ना’ म्हणून भाकरीही तिनेच थापायची. आपले विहार मात्र बहुतेक ठिकाणी रविवारच्या वंदनेपुरते उघडते. ते रोज उघडावे. चार टेबले, इंटरनेटची जोडणी आणि एक इन्व्हर्टर एवढे पुरे. जयंतीच्या डीजेवर एका रात्रीत जातो तो पैसा यंदा इकडे वळवून पाहावा.

खासगी कंपनीत राखीव जागा नसतात, तेव्हा सरकारी भरतीचे अर्ज भरणे सोडू नये. आणि ‘घरबसल्या कमवा’ म्हणत नोंदणीसाठी आधी पैसे मागणाऱ्याला दमडीही देऊ नये. पैसे गेलेच, तर लाजून गप्प न बसता लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा.