टेक्सासचा डॉक्टर – लेखांक ९ : पांढऱ्या हॅटवाला

टेक्सासचा राष्ट्राध्यक्ष राहिलेल्या डॉ. ॲन्सन जोन्सचा ह्यूस्टनच्या हॉटेलातला शेवटचा मुक्काम या आठवड्यात सांगेन, असं कबूल केलं होतं. तो पुढच्या खेपेला. गेल्या लेखात ‘पांढरी हॅट घालून मेक्सिकोला गेलेला इंग्रज’ असं मी जाता जाता लिहून गेलो, आणि साताऱ्याच्या एका वाचक बाईंनी नेमकं तेच पकडलं. हा माणूस कोण, आणि जोन्सने त्याच्यावर एवढा भरवसा का टाकला, असं त्यांनी विचारलं आहे. या माणसाचा विषय निघाला की मला आवरणं कठीण जातं.

त्याचं नाव चार्ल्स एलियट, इंग्रजी आरमारातला कॅप्टन. मुंबईच्या जुन्या व्यापाराबद्दल ज्यांनी वाचलं आहे त्यांना तो वेगळ्याच ठिकाणी भेटला असेल. १८३९ साली कँटनमध्ये चिनी अधिकारी लिन झेशूने परदेशी व्यापाऱ्यांची कोंडी केली, तेव्हा अफूच्या २०,२८३ पेट्या इंग्लंड सरकारच्या जबाबदारीवर ताब्यात घेऊन चिन्यांच्या हवाली करणारा अधिकारी हाच. त्यातली बरीचशी अफू माळव्याची, आपल्या मुंबई बंदरातून चढलेली. इथल्या पारशी सावकारांचा माल गेला आणि हाती राहिली एलियटच्या सहीची कबुली. अफूपोटी चीनकडून ६० लाख डॉलर वसूल करण्याचं कलम १८४२ च्या नानकिंगच्या तहात आलं, तोवर मधे एक अख्खं युद्ध होऊन गेलं होतं.

त्याच युद्धात, १८४१ च्या जानेवारीत, एलियटने हाँगकाँग बेट पदरात पाडून घेतलं. शाबासकी मिळणं दूरच, परराष्ट्रमंत्री पामर्स्टन भडकला. धड घरंही नसलेलं ओसाड बेट घेऊन हा समाधान मानतो म्हणजे काय! एलियटला तिथून काढलं आणि १८४२ मध्ये तेव्हा स्वतंत्र देश असलेल्या टेक्सासला इंग्लंडचा वकील म्हणून धाडलं. लंडनमधल्या लोकांच्या लेखी ही काळ्या पाण्याचीच शिक्षा.

आता १८४५ चा मार्च. अमेरिकेचा मावळता अध्यक्ष टायलर याने १ मार्चला टेक्सास सामील करून घेण्याच्या ठरावावर सही केली. इंग्लंडला हे नको होतं. टेक्सास वेगळा राहिला तर अमेरिकेच्या वाढीला आळा बसणार, शिवाय कापूस थेट मिळणार. एलियट आणि फ्रान्सचा वकील द सालिन्यी घाईघाईने वॉशिंग्टन-ऑन-द-ब्राझोसला पोचले. नाव वॉशिंग्टन, पण गाव म्हणजे नदीकाठची लाकडी घरांची वस्ती. (सालिन्यी हे प्रकरण स्वतंत्र लेखाचं धनी आहे. ऑस्टिनमध्ये एका खानावळवाल्याची डुकरं त्याच्या घोड्यांचा मका खात. सालिन्यीच्या नोकराने डुकरं मारली, खानावळवाल्याने नोकराला बदडलं, आणि त्यावरून १८४१ मध्ये फ्रान्स आणि टेक्सास यांचे संबंध तुटले होते.)

वस्तीत त्यांच्यासमोर बसले राष्ट्राध्यक्ष डॉ. ॲन्सन जोन्स आणि परराष्ट्रमंत्री ॲशबेल स्मिथ. स्मिथही डॉक्टरच, गॅल्व्हेस्टनच्या १८३९ च्या पीतज्वराच्या साथीवर लिहिणारा. दोन डॉक्टर आणि दोन वकिलांनी मिळून २९ मार्चला मसुदा ठरवला. मेक्सिकोने टेक्सासचं स्वातंत्र्य मान्य करायचं आणि टेक्सासने दुसऱ्या कुठल्याही देशात विलीन व्हायचं नाही. मेक्सिकोची संमती आणायला जोन्सने ९० दिवसांची मुदत दिली.

संमती आणायला एलियट स्वतः निघाला. गॅल्व्हेस्टनमध्ये त्याने सांगितलं की आपण चार्ल्सटनला चाललो आहोत, आणि ‘इलेक्ट्रा’ या ब्रिटिश युद्धनौकेवर चढला. पण भर समुद्रात तो ‘युरिडिसी’ या दुसऱ्या युद्धनौकेवर गेला आणि व्हेराक्रूझच्या दिशेने पसार झाला. ‘युरिडिसी’चा कप्तान त्याच्याच नात्यातला, तेव्हा तोंड बंद ठेवण्याची चिंता नव्हती. सगळा बनाव उत्तम जमला होता, फक्त गडी ओळखू यावा अशी पांढरी हॅट डोक्यावर होती! अमेरिकी वृत्तपत्रांना सुगावा लागला आणि ‘पांढऱ्या हॅटवाला माणूस’ गाजू लागला.

इकडे जोन्स गप्प होता. लोकांना विलीनीकरण आजच हवं होतं. राष्ट्राध्यक्ष इंग्रजांना विकला गेला म्हणून त्याचे पुतळे जाळले, सरकार उलथून टाकण्याच्या धमक्या आल्या. त्याने खुलासा केला नाही. विलीनीकरणाचा निर्णय घ्यायला ४ जुलैला अधिवेशन बोलावल्याचं मात्र मेच्या सुरुवातीलाच जाहीर केलं.

मेअखेर एलियट मेक्सिकोची संमती घेऊन परतला आणि ४ जूनला जोन्सने ती जाहीर केली. टेक्सासच्या काँग्रेसपुढे दोन कागद आले, तह किंवा विलीनीकरण. सेनेटने तह एकमुखाने फेटाळला. ४ जुलैच्या अधिवेशनात विलीनीकरणाविरुद्ध एकच मत पडलं. ते रिचर्ड बेश याचं, बेंजामिन फ्रँकलिनच्या नातवाचं.

तर बाईंच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं की जोन्सने एलियटवर भरवसा टाकलाच नाही. त्याला हवा होता मेक्सिकोच्या सहीचा कागद. नऊ वर्षं स्वातंत्र्य नाकारणाऱ्याने ते लिहून दिलं की अमेरिकेपुढे टेक्सास गरजू म्हणून उभा राहत नाही. एक गिऱ्हाईक दाराशी उभं असलं की दुसरं घासाघीस करत नाही, एवढा हिशेब त्याला कळत होता. एलियट आपल्याला हवं ते घडवायला निघाला होता आणि जोन्सने त्याला वापरून घेतलं. जोन्स इंग्रजांच्या गळाला लागला होता हा आरोप मला पटत नाही. तसं असतं तर एलियट परत येण्याआधीच अधिवेशनाची तारीख कशाला जाहीर केली असती?

चुकलं ते नंतर. विलीनीकरणाचा खरा शिल्पकार मीच, असं जोन्स पुढे सांगू लागला. पण ऐन वेळी तोंड मिटून बसलेल्याचं म्हणणं लोकांना मागाहून पटेना. श्रेय आधीचा राष्ट्राध्यक्ष सॅम ह्यूस्टन याने खाल्लं, हा सल त्याच्या मनातून गेला नाही. कागदपत्रं जुळवून त्याने बाजू मांडणारं जाडजूड पुस्तक तयार केलं, तेही छापून आलं १८५९ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर.

एलियटचं मात्र काही अडलं नाही. तो बर्म्युडाचा गव्हर्नर झाला, मग त्रिनिदादचा, मग सेंट हेलेनाचा. ‘सर’ झाला आणि १८७५ मध्ये वारला. जोन्सने १८५७ साली टेक्सासच्या विधिमंडळाकडून अमेरिकेच्या सेनेटवर जाण्याची आशा धरली होती. त्याला एकही मत पडलं नाही.