सबवूफर आणि अँप्लिफायरची पत्रिका जुळवताना

संध्याकाळी उमरेड-नागपूर रोडवर उभे राहा. काही गाड्या दिसायच्या आधीच त्यांचा 'धुम्म' ऐकू येतो आणि मागोमाग डिकीचा पत्रा खडखडतो. पैसा भरपूर लागलेला असतो, पण बास काही घट्ट वाजत नाही. कारण बहुतेक वेळा एकच, जोडी जमलेली नसते.

दुकानदार म्हणतो, "भाऊ, 1000 वॅट आहे, डोळे मिटून घ्या." डोळे उघडे ठेवून अँप्लिफायरवरचा फ्यूज पाहा. तो 30 अँपिअरचा असेल आणि इंजिन चालू असताना 13.8 व्होल्ट मिळत असतील, तर सतत आत जाऊ शकणारी वीजच 414 वॅट. क्लास एबीचा अँप्लिफायर त्यातली निम्मी ते साठ टक्के बाहेर देतो, म्हणजे 200 ते 250 वॅट. उरलेले वॅट खोक्यावरच छापलेले राहतात! म्हणून पाहायचा तो आर.एम.एस. आकडा, दोघांचाही.

दुसरा गुण ओहमचा. दोन कॉइलचा, 4 अधिक 4 ओहमचा सबवूफर सिरीजमध्ये 8 ओहम होतो, पॅरललमध्ये 2. बारावीचंच फिजिक्स, पण इथे चुकलं की अँप्लिफायर जातो. दोन चॅनल ब्रिज केले तर प्रत्येक चॅनलला निम्माच भार दिसतो. बहुतेक साध्या अँप्लिफायरना ब्रिजमध्ये किमान 4 ओहम लागतात. तिथे 2 ओहम लावला की तो तापतो, प्रोटेक्शनमध्ये जातो किंवा सरळ धूर काढतो. आपल्याकडच्या मे महिन्यात बंद डिकीत तर विचारूच नका.

आता सगळ्यांना उलटा वाटणारा मुद्दा. "अँप्लिफायर लहान घेतला तर सबवूफर सुरक्षित" असं होस्टेलमध्ये छातीठोकपणे सांगतात. तसं नाही. लहान अँप्लिफायर पिळला की साइन वेव्हचे शेंडे कापले जातात, यालाच क्लिपिंग म्हणतात. पूर्ण चौकोनी झालेल्या वेव्हमध्ये तेवढ्याच पीकला साइनच्या दुप्पट पॉवर असते. म्हणजे 150 वॅटचा अँप्लिफायर 300 वॅटपर्यंत ढकलू शकतो, आणि 200 वॅटच्या कॉइलला ती उष्णता सोसत नाही. कॉइल तांब्याची, दर अंशाला तिचा रेझिस्टन्स सुमारे 0.39 टक्के वाढतो. 25 अंशाला 3.6 ओहम असलेली कॉइल 150 अंशाला 5.3 ओहमच्या आसपास जाते. म्हणून तासभर जोरात वाजवल्यावर आवाज बसल्यासारखा वाटतो. मग पोरगं गेन अजून वाढवतं, आणि थोड्या वेळाने जळका वास येतो.

गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे. तो लावायला लॅबमधला मल्टिमीटर पुरतो. सबवूफर सोडवा, बास बूस्ट बंद करा, डेकचा आवाज पाऊणवर ठेवा, 50 हर्ट्झचा टोन लावा आणि आउटपुटवर एसी व्होल्ट मोजा. पॉवर गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. 4 ओहमवर 300 वॅट हवे तर 34.6 व्होल्ट आले की हात थांबवा. 2 ओहमला तेच 24.5 व्होल्ट. लो-पास फिल्टर 80 हर्ट्झच्या आसपास चालतो.

आणि हो, 150 चे 300 वॅट केले तरी वाढ फक्त 3 डेसिबलची. त्यापेक्षा चांगल्या डब्यावर खर्च केलेला बरा.

वायरमध्ये मात्र कंजूषी नको. स्वस्त किटमध्ये तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे 61 टक्केच. मुख्य फ्यूज बॅटरीपासून हातभराच्या आत बसवा. वायर मध्येच पत्र्याला घासली तर हा फ्यूजच आग टाळतो, अँप्लिफायरवरचा फ्यूज तिथे कामाचा नाही. अर्थिंगसाठी पत्र्याचा रंग खरवडून बोल्ट आवळायचा.

लहान पेट्रोल गाडीची बॅटरी साधारण 35 अँपिअर-अवरची. इंजिन बंद ठेवून सरासरी 10 अँपिअर ओढले तर दोन तासांत 20 गेले. मग कऱ्हांडल्याच्या रस्त्यावर रात्री धक्का मारायला माणसं शोधा. तसंही 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे, आणि रात्रीची वेळ दहालाच सुरू होते.