मणक्यांतील चकतीचा विकार व ओझ्याचा विवेक

निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत अथवा बेळगावच्या रविवार पेठेतील एखाद्या दुकानात पाऊल टाकले, म्हणजे पाठीला कष्टविणारे दोन उद्योग एकाच छपराखाली चाललेले दिसतात. आत दुकानदार व दिवाणजी तासन्‌तास वाकून हिशेब पाहत असतात. बाहेर हमाल पाठीवरून पोती वाहत असतात. एकाला हालचाल थोडी, दुसऱ्याला भार फार. परंतु कंबर धरली व पायात कळ उतरली, की दोघांच्याही तोंडी एकच वाक्य येते : ‘चकती सरकली.’ या वाक्याने घराघरात मोठी धास्ती बसते. म्हणून हा विकार म्हणजे काय, त्याला भ्यावे केव्हा आणि भिऊ नये केव्हा, हे आमच्या व्यापारी बंधूंपुढे थोडक्यात मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

आपल्या कण्यातील मणक्यांच्या मधे २३ चकत्या असतात. प्रत्येक चकतीचे बाहेरचे कडे चिवट तंतूंच्या वेढ्यांचे असून आत मऊ, पाणीदार गर असतो. चालताना, वाकताना बसणारे धक्के हा गर सोसतो. वयाबरोबर त्यातील पाणी कमी होते, कड्याला बारीक चिरा पडतात आणि एखादे दिवशी, कधी जड ओझे उचलताना तर कधी केवळ शिंकेच्या निमित्ताने, गर त्या चिरेतून बाहेर डोकावतो. म्हणजे चकती जागची सरकत नाही. तिच्यातील गर बाहेर येतो. तो शेजारच्या मज्जातंतूस दाबतो व तेथे दाहही उत्पन्न करतो. कमरेखालच्या शेवटच्या दोन चकत्यांत हे बहुधा घडते; म्हणून कळ नितंबापासून मांडीच्या मागून पोटरीत व पावलापर्यंत जाते. आयुर्वेदाने या पायाच्या कळेला ‘गृध्रसी’ हे नाव फार पूर्वीच दिलेले आहे. चकतीतील गर हे तिचे एक प्रमुख कारण आहे, हे अमेरिकेतील मिक्स्टर व बार या दोन शल्यवैद्यांनी १९३४ मध्ये स्पष्ट करून दाखविले.

वाकून ओझे उचलणे घातक का, हे तराजू हाताळणाऱ्यास सांगावयास नको. दांडीच्या लांब टोकाला टांगलेले थोडे वजनही आखूड टोकावरील मोठ्या वजनाला तोलते. पाठीचे स्नायू कण्याच्या मागे सुमारे पाच सेंटिमीटरवरून ओढ घेतात. हात लांबवून उचललेले ओझे मात्र पुढे सुमारे पन्नास सेंटिमीटरवर असते. म्हणजे वीस किलोचे ओझे तोलण्यास स्नायूंना दोनशे किलोंच्या जवळपास जोर लावावा लागतो आणि तो सारा दाब चकतीवर येतो. तेच ओझे गुडघे वाकवून, छातीशी धरून उचलले, तर हा दाब पुष्कळच उतरतो.

आता उपचाराविषयी. या विकारातील सर्वांत दिलासा देणारी गोष्ट ही, की बहुसंख्य रुग्ण शस्त्रक्रियेवाचून सहा ते बारा आठवड्यांत पुष्कळसे बरे होतात. बाहेर आलेला गर शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेते. पूर्वी वैद्य आठवडेच्या आठवडे फळीवर निजावयास सांगत. ते मत आता मागे पडले आहे. कळ असह्य असेल तेव्हा एकदोन दिवस विसावा घ्यावा, मग सोसवेल तितके चालावे. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व थोडे दिवस घ्याव्यात. मनाने घेतल्यास जठराला व मूत्रपिंडाला अपाय होतो. कळ ओसरल्यावर पाठीचे व पोटाचे स्नायू बळकट करणारे व्यायाम नियमाने करावेत.

आमच्या भागात उसण भरली, की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घेण्याची चाल आहे. साधी उसण काही दिवसांत आपोआप उतरते आणि श्रेय पायाळूला मिळते. परंतु पायात मुंग्या वा बधिरता असताना पाठीवर लाथ, तुडवणे किंवा जोराचे रगडणे कटाक्षाने टाळावे.

एम.आर.आय.च्या छायाचित्राने घाबरून जाण्याचीही आता एक नवी चाल पडली आहे. १९९४ मध्ये अमेरिकेत पाठदुखी मुळीच नसलेल्या ९८ जणांची अशी तपासणी केली, तेव्हा ५२ टक्क्यांच्या एखाद्या तरी चकतीस फुगवटा आढळला! यास्तव छायाचित्रावर नव्हे, तर रुग्णाच्या लक्षणांवर उपचार ठरतात.

तथापि काही लक्षणे दिसताच एक दिवसही दवडू नये. लघवी अडणे वा नकळत होणे, शौचावरील ताबा सुटणे, जांघेत व बैठकीच्या जागी बधिरता येणे, पावलाचा जोर जाऊन पाय फरफटणे : यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. येथे विलंबाने झालेले नुकसान पुढे भरून येईलच असे नाही. असे संकट नसता, सहा आठवडे उपचार करूनही पायाची कळ हटत नसेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा. तिने कळ लवकर थांबते. मात्र वर्षअखेर, थांबलेले व शस्त्रक्रिया करून घेतलेले रुग्ण बहुतेक सारख्याच स्थितीत असतात, असे हॉलंडमधील २००७ च्या अभ्यासात दिसले. थांबलेल्यांपैकी काहींना मात्र पुढे शस्त्रक्रिया करून घ्यावीच लागली.

प्रतिबंधाचे नियम साधे आहेत. अर्ध्या तासाने गादीवरून उठून चार पावले टाकावीत. प्रौढपणी चकतीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. शेजारच्या मणक्यांतून पाझरणाऱ्या रसावर ती जगते आणि धूम्रपानाने तो झरा आटतो. ज्या तंबाखूवर निपाणीची पेठ वाढली तिच्याविषयी हे लिहिताना आम्हांस संकोच वाटतो; पण सत्य ते सत्य.

शेवटी आमच्या हमाल बंधूंविषयी. प्रौढ पुरुषाने वाहावयाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलोंपर्यंत आणावी, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये केली. आमच्या धर्माने तर ही गोष्ट कितीतरी आधी सांगितली आहे. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार दिले आहेत, त्यांत ‘अतिभारारोपण’ हा एक आहे. मुंगी चिरडू नये म्हणून पाय जपून टाकणाऱ्या समाजाने आपल्याच दारातील हमालाच्या पाठीवरील पोते एकदा काट्यावर चढवून पाहावे. पोती लहान करणे व हातगाडी घेणे यांस लागणारा खर्च फार नाही. स्वतःची पाठ जपणे हा व्यवहार झाला. दुसऱ्याचीही जपणे हा धर्म होय.