माशांची वीण आणि वाढ : संप्रेरकांचे काम

- कुठे : लाखनीसह भंडारा जिल्ह्यातील मालगुजारी तलाव. मासे : रोहू, कटला, मृगळ.
- अडचण : हे मासे साचलेल्या तलावात सहसा वीण करत नाहीत, पावसाळी पुराचे वाहते पाणी लागते.
- साखळी : मेंदू → पीयूषिका ग्रंथी → अंडाशय. इस्ट्रोजेनच्या इशाऱ्यावर यकृत अंड्यातील पिवळ्या बलकाचे प्रथिन बनवते.
- वाढ : वृद्धी संप्रेरक आणि थायरॉइड. वीण जवळ आली की ऊर्जा अंड्यांकडे वळते, वाढ मंदावते.
- ओळख : पक्व मादीचे पोट फुगीर, मऊ. नराचा छातीचा पर खरखरीत. नराचे पोट हलके दाबताच दुधासारखा स्राव.
- 10 जुलै 1957 : डॉ. हिरालाल चौधरी यांचे ओडिशात पीयूषिका अर्काच्या इंजेक्शनने यशस्वी प्रेरित प्रजनन. म्हणून 10 जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन.
- मत्स्यबीजाचे टप्पे : जिरे, बीज, बोटुकली.